योनाचें झाड

धर्मग्रंथ वाचणें निराळें आणि तो समजून घेणें निराळें. वाचण्यास अक्षरओळख आणि श्रद्धा एवढी सामग्री पुरते. समजून घेण्यास भाषा, इतिहास, सृष्टीचें ज्ञान आणि पुष्कळसा धीर लागतो. बायबलच्या अध्ययनाच्या इतिहासांत हा भेद एका लहानशा प्रसंगानें फार स्पष्टपणें उघड झाला. इ. स. ४०३ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील ओएआ या नगरांत, म्हणजे आजच्या त्रिपोलींत, उपासनेच्या वेळीं बायबलचा एक भाग वाचण्यांत आला आणि त्यांतील एका झाडाचें नांव बदललेलें ऐकून लोक खवळून उठले.

तो भाग जुन्या करारांतील योना या संदेष्ट्याच्या छोट्या पुस्तकांतला होता. निनवे या पापी नगराचा नाश होणार, अशी घोषणा करण्याची आज्ञा योनाला झाली. तो प्रथम पळाला, समुद्रांत फेंकला गेला, मोठ्या माशाच्या पोटांतून परत आला आणि अखेरीस त्यानें ती घोषणा केली. नगरानें पश्चात्ताप केला, ईश्वरानें शिक्षा आवरली, आणि आपला शब्द फुकट गेला म्हणून योना रागावून नगराबाहेर जाऊन बसला. तेव्हां त्याच्या डोक्यावर सांवली व्हावी म्हणून ईश्वरानें एक झाड उगवविलें आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे एका किड्याकडून तें सुकविलें. हिब्रू मूळांत या झाडाचें नांव 'किकायोन' असें आहे, आणि साऱ्या हिब्रू बायबलांत हा शब्द या एकाच कथेंत येतो.

हा शब्द ख्रिस्ती समाजांत फारच थोड्यांना ठाऊक होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथें यहुदी पंडितांनीं आपल्या धर्मग्रंथांचें ग्रीक भाषांतर करण्यास आरंभ केला. सत्तर पंडितांनीं तें केलें, या आख्यायिकेवरून त्याला सत्तरांचें भाषांतर असें नांव पडलें. त्यांत किकायोनच्या जागीं भोपळ्याचा वेल आला. पुढें जुनीं लॅटिन भाषांतरें झालीं तीं या ग्रीकवरून, तेव्हां त्यांतहि भोपळाच राहिला. रोमच्या भुयारी दफनभूमींत भिंतींवर लोंबत्या भोपळ्यांखालीं पहुडलेला योना रंगविलेला आहे. पिढ्यान्पिढ्या लोकांनीं ही कथा अशीच ऐकली होती आणि अशीच पाहिली होती.

ओएआच्या बिशपानें त्या दिवशीं वाचविलें तें भाषांतर मात्र नवें होतें. तें जेरोम या विद्वानानें सरळ हिब्रूवरून लॅटिनांत केलेलें होतें. जेरोमचें शिक्षण रोममध्यें झालें. तारुण्यांत सीरियाच्या वाळवंटांत तपश्चर्येसाठीं राहिला असतां, ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी साधकापाशीं त्यानें हिब्रू शिकण्यास प्रारंभ केला. सिसेरोच्या डौलदार लॅटिनावर वाढलेल्या या माणसाला तीं घशांतून निघणारीं अक्षरें फार जड गेलीं. त्यानें अनेकदां अभ्यास सोडला आणि पुन्हां धरला. इ. स. ३८२ मध्यें तो रोमला परतला. शुभवर्तमानांचीं लॅटिन भाषांतरें परस्परांशीं जुळत नव्हतीं. तीं ग्रीक मूळाशीं ताडून शुद्ध करण्याचें काम पोप दमासस यांनीं त्याजकडे सोंपविलें. ३८६ पासून तो बेथलेहेम येथें राहूं लागला. तेथें बारानिना नांवाचा एक यहुदी शिक्षक स्वजनांच्या भयानें रात्रींच्या वेळीं येऊन त्याला शिकवीत असे. त्याच्याबरोबर आलेली रोमची श्रीमंत विधवा पॉला आणि तिची कन्या यूस्टोकियम या दोघीहि हिब्रू शिकल्या. झऱ्याचें पाणी पाहिजे असेल तर पाटाचें पाणी गाळीत न बसतां उगमाकडे जावें, हें जेरोमचें धोरण होतें. त्या उगमाशीं जातांना त्यानें भोपळा काढून टाकला आणि त्याच्या जागीं 'आयव्ही' ही भिंतीवर चढणारी वेल घातली.

ओएआमधील गडबडीची हकीकत हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानें पत्रानें जेरोमला कळविली. ग्रीक भाषा जाणणाऱ्यांनीं विशेष ओरड केली आणि ग्रंथ बिघडविल्याचा आरोप केला. बिशपाला नगरांतील यहुद्यांचें मत विचारावें लागलें. अज्ञानानें म्हणा कीं द्वेषानें म्हणा, त्यांनीं सांगितलें कीं हिब्रू प्रतींत ग्रीक व जुन्या लॅटिनाप्रमाणेंच शब्द आहे. शेवटीं, अनुयायीच उरणार नाहींत अशी वेळ आल्यामुळें बिशपानें तो शब्द चूक समजून दुरुस्त केला.

ऑगस्टीनचा आक्षेप केवळ जुन्याच्या मोहाचा नव्हता. ग्रीकवरून केलेल्या भाषांतराबद्दल शंका आली तर ग्रीक प्रत काढून दाखवितां येत होती. हिब्रू प्रत मात्र उघडूनहि ती वाचणार कोण? लॅटिन मंडळी एक पाठ वाचूं लागली आणि ग्रीक मंडळी दुसरा, तर त्यांच्यांत भेद पडेल आणि साऱ्यांचा विश्वास एका माणसाच्या विद्वत्तेवर टांगलेला राहील, ही त्याची भीति होती. शिवाय सत्तरांच्या भाषांतरालाहि ईश्वरी प्रेरणा होती, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून त्यानें सुचविलें कीं भाषांतर ग्रीकवरूनच व्हावें आणि हिब्रूंत जेथें फरक असेल तेथें खुणा कराव्या.

जेरोमचें उत्तर ४०४ मध्यें गेलें. तें तिखट आहे, पण त्यांत वनस्पतीचें वर्णन मोठें नेमकें आहे. किकायोन हें रुंद पानांचें झुडूप आहे. तें दुसऱ्याच्या आधाराशिवाय स्वतःच्या खोडावर उभें राहतें आणि त्याची सांवली दाट असते. आपल्या योनाच्या भाष्यांतहि त्यानें लिहिलें होतें कीं पॅलेस्टाइनच्या वाळूवट जमिनींत तें थोडक्या दिवसांत बीपासून लहानशा झाडाएवढें होतें. याला लॅटिनांत नांवच नाहीं. मूळ शब्द तसाच ठेवला असता तर तो कोणालाहि समजला नसता. भोपळा म्हटलें असतें तर हिब्रूंत नाहीं तें सांगितल्यासारखें झालें असतें. म्हणून पूर्वींच्या इतर भाषांतरकारांस अनुसरून आयव्ही लिहिली, असें त्याचें स्पष्टीकरण आहे. ओएआच्या यहुद्यांना एक तर हिब्रू येत नसावें, अथवा त्यांनीं भोपळ्याच्या कैवाऱ्यांची थट्टा केली असावी, असा टोमणाहि त्यानें मारला.

हें वर्णन वाचून महाराष्ट्रांतील कोणाहि शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें एरंडाचें झाड उभें राहील, आणि बहुतेक आधुनिक विद्वानांचा कलहि तिकडेच आहे. एरंडाच्या तेलाला इजिप्तमध्यें 'किकी' म्हणत, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे भोपळाहि चूक आणि आयव्हीहि चूक! खुद्द जेरोमला आयव्ही हें खरें नांव नव्हे हें ठाऊक होतें. ज्यानें झाड ओळखलें त्याच्यापाशीं शब्द नव्हता, आणि ज्यांच्यापाशीं शब्द होता त्यांनीं झाड पाहिलें नव्हतें. भाषांतर कितीहि प्रामाणिक असलें तरी तें वाचणाराचें काम संपवीत नाहीं, हें यावरून दिसून येतें.

विशेष हें कीं ही गोष्ट ऑगस्टीनलाहि तत्त्वतः मान्य होती. बायबल कसें समजून घ्यावें याविषयीं त्यानें एक ग्रंथ ३९६ च्या सुमारास लिहावयास घेतला व ४२६ मध्यें पुरा केला. लॅटिन वाचकानें हिब्रू व ग्रीक या भाषा शिकाव्या, निरनिराळीं भाषांतरें ताडून पाहावीं, दुर्बोध स्थळांचा अर्थ सुबोध स्थळांच्या साहाय्यानें लावावा, शब्दशः कोणतें आणि आलंकारिक कोणतें याचा विवेक करावा, हे नियम त्यानें तेथें घालून दिले. प्राणी, रत्नें आणि वनस्पती यांचें ज्ञान नसल्यामुळें ग्रंथांतील दृष्टांत अंधारांत राहतात, हेंहि त्यानें बजावलें. ज्या अर्थानें ईश्वराविषयीं आणि शेजाऱ्याविषयीं प्रेम वाढत नाहीं तो अर्थ नीट कळलेलाच नाहीं, ही त्याची शेवटची कसोटी होती.

पुढें योनाच्याच पुस्तकांतील आणखी एक भेद त्याच्यापुढें आला. निनवेला दिलेली मुदत हिब्रूंत चाळीस दिवसांची आहे, ग्रीकांत तीन दिवसांची. योना प्रत्यक्ष चाळीसच म्हणाला असावा, असें त्यानें 'ईश्वराचें नगर' या ग्रंथांत मान्य केलें. परंतु ग्रीक पाठहि त्यानें टाकून दिला नाहीं. दोहोंतहि त्याला अर्थ दिसला. विद्वत्तेपुढें श्रद्धेनें डोळे मिटले नाहींत, आणि विद्वत्तेसाठीं सामान्य श्रोत्याला वाऱ्यावरहि सोडलें नाहीं.

जेरोमचें भाषांतर कालांतरानें 'व्हल्गेट' या नांवानें पश्चिम यूरोपचें बायबल झालें आणि १५४६ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें तें प्रमाण ठरविलें. म्हणजे ज्याला एकदां ग्रंथ बिघडविणारा म्हटलें, त्याचाच शब्द पुढें बदलूं नये असा झाला. भोपळा मात्र हटला नाहीं. १५१४ मध्यें ड्यूरर या जर्मन चित्रकारानें अभ्यासिकेंत बसलेला जेरोम कोरला, त्यांत छताला एक भला मोठा भोपळा टांगलेला आहे. या वादाचीच ती आठवण असावी, असें अनेक अभ्यासकांना वाटतें. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांतहि भोपळ्याचाच वेल आहे.

उगमाकडे जाण्याची ही वाट महाराष्ट्रांतहि चाललेली आहे. केडगांवच्या पंडिता रमाबाई यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठींत उतरविलें. १९२२ मध्यें त्यांचें निधन झालें. भाषांतर १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें. पॉलाप्रमाणेंच, भाषांतरावर विसंबून न राहतां मूळ शब्दाला हात घालणारी ही विदुषी होती.

योनाच्या पुस्तकाचा शेवट या साऱ्या वादाकडे निराळ्याच दृष्टीनें पाहावयास लावतो. झाड सुकलें म्हणून योना मरण मागूं लागतो. तेव्हां ईश्वर त्याला विचारतो, कीं ज्यासाठीं तूं श्रम केले नाहींस, जें एका रात्रींत आलें आणि एका रात्रींत गेलें, त्या झाडाची तुला एवढी कींव येते. मग एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसें आणि कितीक गुरेंढोरें ज्यांत आहेत, त्या निनवेची कींव मला येऊं नये काय? पुस्तक येथेंच संपतें. योनानें काय उत्तर दिलें तें त्यांत नाहीं. ओएआच्या लोकांनीं त्या दिवशीं झाडासाठीं आपला बिशप सोडण्याची तयारी केली. निनवेचा प्रश्न त्यांनीं ऐकला कीं नाहीं, हें ऑगस्टीनच्या पत्रांत कोठें दिसत नाहीं.