अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा

कायदा एक झाला म्हणजे न्यायही एकच होतो, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. युरोपांतील राष्ट्रांनीं मिळून केलेल्या कामाच्या वेळेसंबंधींच्या नियमाचा इतिहास वाचल्यावर आमची तरी ती समजूत टिकली नाहीं.

१९९३ च्या नोव्हेंबरांत सभासद-राष्ट्रांच्या मंत्रिपरिषदेनें असा निर्देश काढिला कीं, कामगाराकडून आठवड्यास सरासरीनें ४८ तासांहून अधिक काम घेऊं नये, रोज सलग ११ तास विसांवा द्यावा आणि वर्षांतून चार आठवडे पगारी रजा द्यावी. परंतु निर्देशानें साध्य तेवढें ठरतें. तें साधणारा कायदा ज्या त्या राष्ट्रानें आपल्या घरीं करावयाचा असतो. सारी मौज येथेंच आहे.

इंग्लंडच्या सरकारास हें मुळींच रुचलें नाहीं. हा प्रश्न आरोग्याचा नसून समाजव्यवस्थेचा आहे, सबब एकमताशिवाय असा निर्देश काढतां येत नाहीं, असा वाद तें लक्झेंबर्गच्या न्यायालयांत घेऊन गेलें. १९९६ सालीं तो फेटाळला गेला. रविवारच्या विसांव्याविषयींचें एक वाक्य मात्र गळालें. अखेर १९९८ सालीं नियम करावे लागले. पण निर्देशांतच एक खिडकी होती: कामगाराची संमति असल्यास ४८ तासांची मर्यादा सोडून देण्याची राष्ट्रास मुभा. इंग्लंडनें ती सताड उघडली. नोकरीच्या गरजेनें आलेल्या माणसानें पुढें सरकविलेल्या कागदावर केलेली सही, हिला संमति म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. रजेसाठींही तेरा आठवड्यांच्या सलग नोकरीची अट घातली होती. ती २००१ सालीं न्यायालयानें मोडून काढिली.

इतरांसही फार नांवाजावयास नको. रात्रपाळीचा डॉक्टर इस्पितळांतच झोंपला, तर ती झोंप विसांवा कीं काम? काम, असा निवाडा स्पेनच्या प्रकरणांत २००० सालीं व जर्मनीच्या प्रकरणांत २००३ सालीं झाला. जर्मनीनें लागलीच कायदा बदलला. पण सामुदायिक करार व डॉक्टरची लेखी संमति असल्यास मर्यादा ओलांडण्याची वाटही त्यांतच ठेविली. सहा महिन्यांच्या सूचनेनें संमति परत घेतां येते, एवढें तिचें सौजन्य! ही खिडकी बुजविण्याची युरोपीय पार्लमेंटची खटपट २००९ सालीं फसली.

त्याच वर्षीं इंग्लंडांत पगारी रजा २८ दिवसांवर गेली. निर्देशाची मागणी त्याहून कमी होती. २०२० सालीं इंग्लंड संघांतून बाहेर पडलें, तरी तेथील कामगारांची ती रजा कायम राहिली. आणि त्या सहीचा कागदही.