चिपचा आराखडा कोणी काढावा?

अर्धवाहक उद्योगाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा शोधकांच्या नामावळीपासून आरंभ करतात, आणि ते स्वाभाविकही आहे; कारण १९४७ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून जो ट्रान्झिस्टर सिद्ध केला, त्याच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते. परंतु या इतिहासात आणखी एक प्रश्न पहिल्यापासून दडलेला आहे आणि मला तो शोधांच्या श्रेयापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. चिपच्या पृष्ठावर कोणती रेषा कोठून कोठे न्यावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पहिली वीस वर्षे तो कारखान्याच्या मालकीचा होता. तो तेथून बाहेर कसा पडला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

शॉकली हा ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी तिसरा. त्याने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोऱ्यात, जर्दाळू आणि प्लमच्या बागांच्या मुलुखात, आपली प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच वर्षी त्याच्या कारभाराला कंटाळून आठ सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरची स्थापना केली. त्या आठांपैकी जाँ होर्नी याने १९५९ मध्ये सिलिकॉनच्या पृष्ठावर ऑक्साइडचा थर राखून त्यातच सपाट ट्रान्झिस्टर घडविण्याची रीत सिद्ध केली, आणि त्याच पायावर रॉबर्ट नॉइसने अनेक ट्रान्झिस्टर धातूच्या पातळ पट्ट्यांनी एकाच तुकड्यावर जोडण्याची कल्पना मांडली. या रीतीत चिप एका अर्थाने छापली जाते: आकृतीचा मास्क करावा, त्यातून प्रकाश सोडावा, आणि प्रकाश पडेल तसे रसायनांनी कोरावे. म्हणजे आकृती काढणारा आणि ती छापणारा हे दोघे वेगळे असू शकतात, हे तत्त्वतः तेव्हाच सिद्ध झाले होते. व्यवहारात मात्र तसे घडायला दोन दशके जावी लागली.

त्या काळात आराखडा कसा तयार होई, हे इंटेलच्या ४००४ या चिपच्या निर्मितीत चांगले दिसते. जपानच्या बिझिकॉम या गणकयंत्रे विकणाऱ्या कंपनीसाठी हे काम मक्त्याने घेतलेले होते. १९७० च्या एप्रिलमध्ये फेडेरिको फॅजिन इंटेलमध्ये रुजू झाला, आणि काही दिवसांतच बिझिकॉमचा अभियंता मासातोशी शिमा कामाची प्रगती तपासावयास आला. तो पाहतो तो काय, इंटेलच्याच हॉफ आणि मेझर यांनी आखलेल्या रूपरेषेपलीकडे काम मुळीच सरकलेले नाही! शिमाला संताप आला. पण मग तोही फॅजिनबरोबर कामाला बसला. मंडलांच्या आकृत्या हातांनी शेकडो पट मोठ्या काढल्या जात. मग पारदर्शक पटलावर चढविलेला लाल थर उजेडाच्या मेजावर धारदार पात्याने कापून, नको तो भाग चिमट्याने हलकेच सोलून काढावयाचा. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही याची मला खंत वाटते. एक लहानसा तुकडा सोलावयाचा राहिला किंवा भलताच सोलला गेला, की महिन्यांचे श्रम फुकट. म्हणून ती विशाल लाल पटले डोळ्यांनी पुनःपुन्हा तपासावी लागत, आणि त्यानंतरच छायाचित्रणाने ती लहान करून मास्क तयार होई. १९७१ च्या नोव्हेंबरात २३०० ट्रान्झिस्टरांची ही चिप जगापुढे आली. तिच्या कडेला फॅजिनने आपली आद्याक्षरे कोरून ठेवलेली आहेत. आपल्या हातच्या कामावर नाव घालण्याचा कारागिराचा तो हक्क त्याने पुरेपूर कमावलेला होता.

ट्रान्झिस्टर हजारोंवरून लाखांकडे जाऊ लागले, तेव्हा डोळा आणि पाते यांच्या बळावर हे काम चालणे अशक्य झाले. त्यातच प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे, पानेच्या पाने भरतील इतके आणि गुपितासारखे जपलेले: दोन रेषांत अंतर किती असावे, एका थरावर दुसरा किती पुढे यावा. कॅलटेकचे कार्व्हर मीड आणि झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील लिन कॉनवे यांनी या जंजाळातून मार्ग काढला. त्यांनी सगळी मापे लॅम्डा या एकाच परिमाणाच्या पटीत मांडली. कारखान्याची प्रक्रिया अधिक सूक्ष्म झाली की लॅम्डाचे मूल्य तेवढे बदलावे, आराखडा तोच राहावा. १९७८ मध्ये कॉनवे यांनी एमआयटीत हा विषय शिकविला. विद्यार्थ्यांचे आराखडे आर्पानेट या संगणकजाळ्यावरून कॅलिफोर्नियात गेले, सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेकांचे आराखडे शेजारी-शेजारी छापले गेले, आणि काही आठवड्यांत चिपा विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. एका चकतीचा खर्च अनेकांत वाटला गेल्यामुळे, ज्याच्यापाशी कारखाना तर राहोच पण कारखान्याची ओळखही नाही, अशा विशीतल्या तरुणालाही चिप घडविण्याची मुभा मिळाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९८१ मध्ये मोसिस या नावाने ही व्यवस्था कायम झाली.

कॉनवे यांच्याविषयी येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. १९६८ मध्ये आयबीएमने त्यांना कामावरून दूर केले, ते त्यांनी पुरुषदेहातून स्त्री म्हणून जगण्याचा निश्चय सांगितला म्हणून. पूर्वायुष्य लपवून, शून्यातून, त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि ज्या कामाने साऱ्या उद्योगाची वहिवाट बदलली ते या दुसऱ्या आयुष्यात झाले. आयबीएमने त्यांची क्षमा मागितली ती २०२० मध्ये, बावन्न वर्षांनंतर. २०२४ मध्ये त्या निवर्तल्या.

बर्कली विद्यापीठात प्राध्यापक पॅटरसन आणि सेकान यांच्या विद्यार्थ्यांनी रिस्क-१ हा प्रोसेसर घडविला, तो याच वाटेने. केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी अमेरिकेत अगदी मोजक्या माणसांच्या चमूला प्रोसेसर रचताना पाहिले आणि आपणही हे करू शकू असा त्यांना भरवसा आला. २६ एप्रिल १९८५ रोजी त्यांची पहिली एआरएम चिप हाती आली आणि पहिल्याच प्रयत्नात चालली. तिचा वीजवापर मोजू गेलेल्या फर्बरना आढळले, की वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नाही आणि चिप इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवरच सुखेनैव चालली आहे! आज बहुतेक मोबाइल फोनांत याच कुळातले प्रोसेसर आहेत. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानात टीएसएमसीची स्थापना केली आणि फक्त इतरांचेच आराखडे छापण्याचा व्यवसाय पत्करला, तेव्हा आराखडा आणि कारखाना यांची फारकत कायमची झाली.

अलीकडे चित्र पुन्हा पालटत आहे. नेदरलँड्समधील एएसएमएलची यंत्रे वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला पन्नास हजार वेळा लेसर मारून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवितात. अशा प्रक्रियेसाठी आराखडा रचण्याचा खर्चच लहान माणसाला दाराबाहेर ठेवण्याइतका आहे. खर्च आवरण्यासाठी एकच मोठी चिप घडविण्याऐवजी वेगवेगळ्या तुकड्यांची जोडणी करण्याची हिकमत एएमडीने २०१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली: गणना करणारे तुकडे ७ नॅनोमीटरचे, देवघेव सांभाळणारा १४ नॅनोमीटरचा. २०२१ मध्ये गूगलच्या संशोधकांनी चिपवरील विभागांची मांडणी सहा तासांच्या आत करणारी स्वयंशिक्षित पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिच्या श्रेष्ठतेवरून तज्ज्ञांत वाद पेटला. यंत्राने मांडणी करावी याला माझी हरकत नाही. मात्र ज्या आराखड्याची कारणे रचणाऱ्यालाही सांगता येत नाहीत, तो तपासायचा कसा, ही चिंता मला खरी वाटते.

दुसऱ्या बाजूला, बर्कलीतच २०१० मध्ये आरंभलेली रिस्क-५ ही प्रोसेसरची आज्ञावली कोणत्याही परवान्यावाचून कोणालाही वापरता येते, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर तिच्यावरच रचलेला आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या चमूने अजित हा प्रोसेसर रचला. तो मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटर प्रक्रियेने छापला गेला आणि २०१९ मध्ये जाहीर झाला. तैवानच्या मापाने ही प्रक्रिया तेव्हाच वीस वर्षे जुनी होती. पण मापक उपकरणे, नियंत्रणयंत्रणा, उपग्रह यांसारख्या पुष्कळ कामांना ती पुरते, आणि तिच्यावर विद्यार्थ्याला चूक करून पुन्हा आराखडा काढण्याइतकी स्वस्ताई राहते. मोठ्या कारखान्यांसाठी आपल्या सरकारने हजारो कोटींची तरतूद केली, ती योग्यच आहे. पण महाविद्यालयांचे आराखडे एकाच चकतीवर नियमाने, ठरलेल्या तारखांना छापून देण्याचा शिरस्ता देशभर पडावा, ही गोष्ट मला तितकीच निकडीची वाटते, आणि तिला लागणारा खर्च त्या तरतुदीच्या मानाने अगदीच किरकोळ आहे.