मनोऱ्याआधी पांढरीची पाहणी

ग्रामीण भागात दूरसंचार मनोऱ्यासाठी उंचवट्याची जागा पाहिली जाते. कधी ती जागा म्हणजे प्राचीन वस्तीची पांढर असते. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित आहे. १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही तरतूद आली. विनियमित क्षेत्रात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच सक्षम अधिकारी परवानगी देतो. अंतर मोजायचे ते वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. नकाशे चुकतात ते बहुधा इथेच.

असंरक्षित पांढरीला मात्र हे कवच नाही. तेथे जमिनीवरील खापरे, राख, हाडे यांची पायी पाहणी हाच आधार. ती केवळ पायाच्या खड्ड्यापुरती करणे अपुरे ठरते. पोचरस्ता आणि केबलचा चर अधिक जमीन उकरतात. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४मध्ये हत्ती, गेंडा, म्हैस व बैलजोडीचा रथ ही ताम्रशिल्पे सापडली, ती एका शेतकऱ्याच्या साध्या खोदकामात. असे काही हाती लागल्यास १८७८च्या भारतीय गुप्तधन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मूळ कायद्यातील मूल्यमर्यादा आहे दहा रुपये.