सोनमासा : तळ्यातून घंगाळात

काचेच्या भांड्यातील सोनमाशाचे कूळ अगदी साधे आहे. चीनमधील करड्या-रुपेरी कार्पवर्गीय माशांत क्वचित एखादा तांबूस निपजे. सुंग राजवटीत (९६०–१२७९) अशा माशांना खास तळी लाभली. पुढे मिंग काळात ते घंगाळांत आले, आणि त्यांचे रूपच पालटले. दुहेरी शेपूट, बटबटीत डोळे, पाठीवर पर नसणे ही व्यंगे तळ्यात टिकती ना. घंगाळात, वरून न्याहाळणाऱ्याच्या कौतुकात, ती टिकली. आजही प्रकार ओळखावयाचे ते बहुधा याच लक्षणांवरून.

१५९६ मध्ये झांग छियानदे याने या माशांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याची शिस्त कठोर : रोज निकृष्ट मासे काढीत शंभरांतून एक-दोनच राखावेत!

आपण भांडे तेवढे उचलले, शिस्त नव्हे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो; लहानशा गोल भांड्यात तो साचतो आणि मासा दगावतो. दोष मात्र आपण माशाच्या नाजूकपणाला देतो. टाकी प्रशस्त असावी, दर आठवड्यास थोडे पाणी बदलावे, आणि नळाचे पाणी त्यातील क्लोरीन घालवूनच ओतावे.