चाल ज्यांच्या तोंडी आहे

सोलापुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी बरीच वर्षं पेटी वाजवते. आमच्या बाकांवर ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची जी प्रत असते, तिच्यात गीताच्या डोक्यावर राग किंवा चाल लिहिलेली आणि खाली नुसती कडवी. स्वरलिपी नाही. चाल म्हणून ज्या गाण्याचं नाव दिलेलं असतं, ते गाणंही पुष्कळदा आता कुणाला आठवत नाही. पद विसरलं गेलं, चाल मात्र आमच्या रविवारच्या उपासनेत टिकून आहे.

ही गीतं आली कुठून? अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला स्थिरावले. सोलापूरपर्यंत रेल्वे आली १८६० साली आणि त्याच दशकात रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग यांनी इथं काम सुरू केलं. सुरुवातीला इंग्रजी सुरावटीत मराठी शब्द बसवून गायचे. त्यात जोर नको त्या अक्षरावर पडायचा, ऱ्हस्व अक्षर ताणलं जायचं नि दीर्घ अक्षर गिळलं जायचं. नव्यानं मंडळीत आलेल्या माणसाला ओवी-अभंग पाठ. त्याला हे गाणं परकं वाटलं तर नवल नाही.

हा गुंता सोडवणाऱ्यांत नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) पुढे होते. त्यांनी देशी चालींवर पदं रचली, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. मागे टाळ-मृदंग, पुढे बुवा, आख्यान मात्र येशूचं! त्यांचं ‘तन मन धन’ ऑल्डेन क्लार्क या मिशनरींनी इंग्रजीत नेलं आणि परदेशातल्या गीतपुस्तकांत ते गेलं तेही मूळ मराठी चालीसकट.

त्यांच्यामागून आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगावचा. बाप्तिस्मा मुंबईत, १८९५ साली. ‘केवढे हे क्रौर्य!’मुळे ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, पण त्यांचं रोजच्या तोंडी असलेलं काव्य आमच्या गीतपुस्तकात आहे. जुन्या पुस्तकातल्या सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेच्या वर एकट्या टिळकांची. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेनं, असं ते मोकळेपणानं मान्य करत. निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेलेलं त्यांचं एक गीत स्कॉटलंडच्या गीतपुस्तकातही आहे.

टिळकांचा अभंग पेटीवर घ्यायला सोपा, पण घाईनं घेतला की बिघडतो. सांगणारा एक चरण म्हणतो, पुरुष तो उचलतात, मग बायका. तबल्यावर भजनी ठेका, आठ मात्रांचा. दुसऱ्या आवर्तनाला म्हातारी माणसं किंचित मागे रेंगाळतात; तिथं तबलजीनं लय ओढायची नाही, थांबून त्यांना सोबत घ्यायचं. आमच्यात घरी तेलुगू बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत. पण अभंग आला की सगळे एका सुरात. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते, तेव्हा रस्त्यावरचे टाळ ऐकून माझी आई घरात टिळक गुणगुणायची. ठेका तोच असल्यानं कुठंही अडत नसे.

हल्ली पोरं फोनवर युरोपातलं चर्चसंगीत ऐकतात. भाच्यानं मला यान सँडस्ट्रॉम या स्वीडिश संगीतकाराची १९९० सालची रचना ऐकवली. नाताळचं जुनं जर्मन गीत, त्याला मिखाएल प्रेटोरियस यांनी १६०९ साली दिलेली स्वरयोजना. सँडस्ट्रॉमनी ती हलवली नाही. एक वृंद ते गीत अगदी संथ गातो आणि भोवती दुसरा वृंद आठ आवाजांत शब्दांवाचून गुणगुणतो. फार सुंदर. त्यांनी जुन्या गीताला नवे सूर वेढले. आमच्या सांगळे-टिळकांनी जुन्या चालींना नवे शब्द दिले. तिकडे सगळं कागदावर उतरलेलं, संगीतकाराच्या नावासह. आमच्याकडे कवीचं नाव आहे. चाल कुणाची, हे सहसा कुणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच चालीची काळजी वाटते. नवी गीतं कीबोर्डवर चार कॉर्डमध्ये बसतात; ती गाऊ नयेत असं मी म्हणणार नाही, मीही वाजवते. पण ‘उपासना संगीत’मधली कितीतरी गीतं आता कुणी काढत नाही, कारण पुढं होऊन पहिली ओळ उचलणारं माणूस उरलेलं नाही. शब्दांचं पुस्तक पुन्हा छापता येईल, चाल कुठून आणणार?

तेव्हा वाचकांनो, तुमच्या घरी, शेजारी, मंडळीत कुणी आजी-आजोबा ही गीतं जुन्या चालीत म्हणत असतील, तर या रविवारीच त्यांच्यासमोर फोन ठेवा. आधी गीताचा क्रमांक सांगायला लावा, मग गीत पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत म्हणू द्या. मागे वाद्य नको. आवाज थरथरला तरी चालेल, चाल तेवढी पुरी येऊ द्या.