बँकेने कर्ज विकलं, तर नफा-तोटा कुणाचा आणि देणं कुणाचं?

चिखली, मेहकर, खामगाव, आपल्या जिल्ह्यात कुठेही पाहा. मोटारसायकल, फ्रिज किंवा मुलांच्या फीसाठी कर्ज घेतलेली घरं सापडतील. हप्ते थकले की कधी कधी वेगळ्याच कंपनीचं पत्र येतं, "तुमचं कर्ज आता आमच्याकडे आहे." मग पालक कागद घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात. "सर, बँकेनं तोट्यात विकलं म्हणे, मग आमचं माफ झालं ना?" नाही. का, ते हिशेबानं पाहू.

चालू कर्ज

कर्ज विक्रीचे नियम रिझर्व्ह बँकेने 24 सप्टेंबर 2021 रोजी एकत्र केले. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचं कर्ज किमान 3 महिने आणि त्याहून लांब मुदतीचं किमान 6 महिने स्वतःकडे ठेवल्यावरच विकता येतं. 1 लाख बाकी असलेलं चांगलं कर्ज 1 लाख 3 हजारांना विकलं, तर 3 हजार नफा त्याच काळाच्या नफा-तोटा पत्रकात दाखवतात. जो नफा अजून हाती आलेला नाही, तो बँकेच्या भांडवलातून वजा धरावा लागतो.

थकीत कर्ज

थकलेल्या कर्जासाठी बँक नफ्यातून आधीच काही रक्कम बाजूला ठेवते. तिला तरतूद म्हणतात. समजा बाकी 1 लाख, तरतूद 40 हजार. म्हणजे बँकेच्या वहीत कर्जाची निव्वळ किंमत 60 हजार. मालमत्ता पुनर्रचना कंपनीला ते 45 हजारांना विकलं, तर 15 हजारांचा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. 70 हजारांना विकलं, तर वरचे 10 हजार नफ्यात धरता येतात, पण पैसे रोख हाती आल्यावरच.

आपलं देणं

या दोन्ही उदाहरणांत कर्जदाराचं देणं 1 लाखच राहतं. तोटा बँकेच्या वहीतला आहे. वसुलीचा हक्क नव्या कंपनीकडे गेला, एवढंच. बँक बंद पडली तरीही हेच. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना जुलै 2023 मध्ये रद्द झाला, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं. अशा वेळी ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा मिळतो, पण कर्ज बुडत नाही. ते वसूल करण्याचं काम अवसायकाकडे जातं.

मात्र कंपनीने कर्ज स्वस्तात घेतलेलं असल्यामुळे तडजोडीला जागा असते. ती मागता येते, पण तो आपला हक्क नाही.

काय करावं

• जुन्या बँकेच्या शाखेत जाऊन कर्ज खरंच विकलं का, ते लेखी विचारा. तोवर नुसत्या फोनवर कुणाच्या खात्यात पैसे टाकू नका.
• विक्रीची सूचना मिळण्याआधी जुन्या बँकेत भरलेला हप्ता 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 130 नुसार ग्राह्य धरला जातो. पावती जपून ठेवा.
• तडजोड झाली तर रक्कम आणि तारीख लेखी घ्या. पैसे भरल्यावर देणं संपल्याचा दाखला मागा.
• तडजोडीची नोंद सिबिल अहवालात "सेटल्ड" अशी राहते आणि पुढचं कर्ज अवघड होतं. म्हणून जमत असेल तर पूर्ण फेडच बरी.

घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. कागद समजला की भीती निम्मी होते.