खाली काय आहे हे माहीत नसताना: वाईराकेईची गोष्ट

तौपोच्या उत्तरेला हायवेवरून जाताना झाडांच्या मागे पांढऱ्या वाफेचे लोट दिसतात. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे गाडी थांबवून फोटोही काढला असेल. हे वाईराकेई. इथलं वीजकेंद्र नोव्हेंबर 1958 मध्ये सुरू झालं. जमिनीखालच्या गरम पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज करणारं हे जगातलं पहिलं केंद्र.

‘पाण्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इटलीत लार्देरेल्लोला भूगर्भातल्या वाफेवर आधीपासून वीज होत होती. पण तिथली वाफ कोरडी, थेट टर्बाइनला देता येणारी. वाईराकेईत वाफ आणि पाणी एकत्रच उसळत होतं. म्हणजे इटलीचा अनुभव हाताशी होता, पण तो जसाच्या तसा वापरता येणार नव्हता.

1940च्या दशकाच्या शेवटी पाऊस कमी झाला, धरणांवरची वीज पुरेना, आणि सरकारला घाई झाली. 1950च्या सुमारास बोअर मारायला सुरुवात झाली. खाली किती उष्णता आहे, ती किती वर्षं पुरेल, कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या पॉडकास्टवर वारंवार येणारा प्रश्न तेव्हाही होता: उत्तर माहीत नसताना पहिल्या दिवसापासून नोंदवून काय ठेवायचं?

प्रत्येक बोअरला नंबर मिळाला. वर आलेल्या दगडांचे नमुने, खोलीनुसार तापमान, बोअर बंद असतानाचा दाब, पाण्यातले क्षार, सगळं त्या नंबरखाली जमा होऊ लागलं. भूगर्भशास्त्रज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि इंजिनिअर यांची भाषा वेगवेगळी, पण बोअरचा नंबर एकच. डीएसआयआर या सरकारी संशोधन खात्याने 1955 मध्ये हे सगळं एका अहवालात छापलं. एल. आय. ग्रेंज यांनी तो संकलित केला होता. मोजायची पद्धतसुद्धा कामातूनच घडली. उसळतं मिश्रण मोजणं फार किचकट. रसेल जेम्स यांनी दाखवलं की पाइपच्या तोंडाशी असलेल्या दाबावरून प्रवाहाचा हिशेब लागतो.

या शिस्तीचा उपयोग लवकरच दिसला. सुरुवातीच्या योजनेत ब्रिटनच्या अणुकार्यक्रमासाठी जड पाणी तयार करणं हाही हेतू होता. 1956 मध्ये तो बेत रद्द झाला आणि आराखडा फक्त विजेसाठी नव्याने करावा लागला. पण बोअरचे आकडे तेच राहिले. ‘आपल्याला काय हवंय’ हे बदललं तरी ‘खाली काय आहे’ याची वही फाडावी लागली नाही.

पण त्या वहीतले रकाने कोणी आखले होते? वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवा. कुठलं पाणी किती गरम, कुठे हात घालायचा नाही, हे तिथल्या माणसांना थर्मामीटरशिवाय कळतं. तौपो परिसरातल्या नगाती तूफारेतोआ या माओरी समाजाकडे असं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्यांचे पूर्वज नगातोरोइरंगी थंडीने गारठले, त्यांनी बहिणींकडे अग्नी मागितला आणि तो जिथे जिथे वर आला तिथे गरम पाणी फुटलं, ही कथा म्हणजे एक प्रकारे त्या प्रदेशाचा नकाशाच आहे. 1953च्या कायद्याने मात्र ही उष्णता वापरण्याचा हक्क सरकारकडे गेला. तापमान, दाब आणि प्रवाहाच्या रकान्यांत त्या कथेला जागा नव्हती.

वीज काढता काढता खालचा दाब उतरला. एका भागात जमीन सुमारे 15 मीटर खचली. तिची पातळी पुन्हा पुन्हा मोजली जात होती, म्हणून खचणं आकड्यांत सांगता येतं. शेजारच्या गीझर व्हॅलीतली गरम पाण्याची कारंजी मात्र एकेक करून थांबली.

तुम्ही थीसिस सुरू करत असाल किंवा स्टार्टअप, पहिल्या महिन्यातच दोन प्रश्न विचारून ठेवा. आज मोजलं नाही तर पुढे कधीच मोजता येणार नाही, असं काय आहे? आणि हे आपल्याआधी कोणाला माहीत आहे?

वाईराकेईतून आजही वीज येते. तिथलं भूगर्भ समजून घेणारी संगणकावरची मॉडेलं 1950च्या दशकातल्या आकड्यांशी ताडून पाहिली जातात. ते आकडे टिकले. कारंजी परत आली नाहीत.